रसवंतीवरची सावली : कापड निवडताना

पत्र : औसा तालुक्यात रस्त्याला लागून आमची रसवंती आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास चरक सुरू होतो आणि मृग निघेपर्यंत चालतो. रस्ता पूर्वेला आहे, पश्चिमेला मोकळे रान आहे. गिऱ्हाइकांना बसण्यासाठी वीस फूट बाय तीस फूट जागा असून तिच्यावर साडेसात फूट उंचीवर आम्ही हिरवी शेडनेट बांधतो. चार वर्षांत तीन जाळ्या झाल्या. पहिली जाळी दुसऱ्या उन्हाळ्यात हात लावला की भुगा होऊन झडू लागली. दुसरी वैशाखातल्या एका वावटळीत कडेने फाटत गेली. तिसरी अजून शाबूत आहे, पण दुपारी तीननंतर तिच्याखाली कोणी बसत नाही. मंडपवाले जाड प्लॅस्टिकचे कापड ताणून घ्या म्हणतात, दीर पत्रा टाका म्हणतात आणि मुलगा जुने फ्लेक्स आणतो म्हणतो. पैसे एकदाच घालायचे आहेत. कोणते कापड घ्यावे?

उत्तर :

ताई, तुमच्या तीन जाळ्या तीन निरनिराळ्या कारणांनी गेल्या आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. पहिलीचा धागा उन्हाने खाल्ला, कारण तो मुळातच ऊन सोसण्यासाठी बनवलेला नव्हता. दुसरीचा धागा कदाचित चांगला असेल, पण तिची कड आणि बांधणी वाऱ्यापुढे टिकली नाही. तिसरीचे कापड आणि बांधणी दोन्ही शाबूत असूनही ती सावली देत नाही, कारण ती फार खाली आहे, फार विरळ आहे आणि तिसऱ्या प्रहरी सूर्य जिथे असतो त्या बाजूला तिचा काहीच उपयोग नाही. म्हणून नुसते कापडाचे नाव सांगून मी थांबलो, तर चौथ्या जाळीनंतर तुम्ही पुन्हा असेच पत्र लिहाल. आधी सावली म्हणजे काय याविषयी थोडे सांगतो आणि मग कापडाकडे येतो.

उन्हाळ्यात बातम्यांमध्ये लातूरचे तापमान ४२ अंश होते असे आपण ऐकतो तेव्हा ते तापमान उन्हातले असते असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते सावलीतले असते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील दीपगृहांचे अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती पेटी योजली, म्हणून ती स्टीव्हन्सन पेटी म्हणून ओळखली जाते. तिची रचना पाहण्यासारखी आहे. भिंती सलग फळ्यांच्या नसून तिरक्या पट्ट्यांच्या असतात, म्हणजे ऊन आत येत नाही पण वारा आरपार जातो. छप्पर दुहेरी असते आणि दोन थरांमध्ये हवेला वाट ठेवलेली असते, म्हणजे वरचा थर तापला तरी ती धग खालच्या थरापर्यंत सहसा पोचत नाही. रंग पांढरा असतो, म्हणजे बरेचसे ऊन मुळात परतवले जाते. आत ठेवलेल्या तापमापकाला फक्त हवेची उष्णता कळावी, उन्हाची किंवा तापलेल्या छपराची कळू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. तुमच्या बाकड्यांवर बसलेल्या माणसाला आपल्याला नेमके हेच द्यायचे आहे. कोणतेही कोरडे कापड हवा थंड करू शकत नाही. हवा ४२ अंशांची असेल तर सावलीतही ती ४२ अंशांचीच राहील. सावलीचे काम माणसाच्या अंगावर पडणारी वरची भर काढून टाकण्याचे आहे, आणि ती भर दोन वाटांनी येते. एक थेट उन्हाची, जी सर्वांना दिसते. दुसरी तापलेल्या छपरातून खाली उतरणाऱ्या धगीची, जी दिसत नाही आणि म्हणून कापड घेताना कोणी विचारातही घेत नाही.

पत्र्याविषयी आणि फ्लेक्सविषयी माझे मत याच दुसऱ्या धगीमुळे प्रतिकूल आहे. पत्रा ऊन शंभर टक्के अडवतो यात शंका नाही, पण दुपारी त्याला हात लावता येत नाही इतका तो तापतो आणि मग तोच डोक्यावर तापलेल्या तव्यासारखा राहतो. मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत वैशाखाची दुपार काढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत दुपार सुसह्य असे, कारण वर मातीचा जाड थर असे आणि तो थर तापून धग खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होत असे. पातळ छपराला, मग ते पत्र्याचे असो वा कापडाचे, हा जाडीचा आधार नसतो, म्हणून त्याने वाऱ्याचा आधार घेतला पाहिजे. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. ते सलग असते, त्यातून हवा जात नाही, त्याच्या खाली तापलेली हवा साचून राहते आणि छपाईच्या गडद रंगांमुळे ते अधिकच तापते. जाहिरातीसाठी काही महिने टिकावे इतक्याच बेताने ते बनवलेले असते, त्यामुळे एका उन्हाळ्यात ते कडक होऊन घडीवर तडकते. मुलाचा हेतू खर्च वाचवण्याचा आहे आणि तो चांगलाच आहे, पण फ्लेक्स छपरासाठी न वापरता पावसाळ्यात चरक झाकून ठेवण्यासाठी वापरावा.

मंडपवाल्यांनी सुचवलेले जाड कापड बहुधा पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर असावे. बसस्थानकांच्या आणि मंगल कार्यालयांच्या दारात ताणलेल्या पांढऱ्या छत्र्यांसारखी छपरे दिसतात, तीच जात. हे कापड वाईट नाही. वर चांगला संरक्षक लेप असेल तर ते दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ टिकते, पाऊस अडवते आणि त्याची ताकद मोठी असते. याच घराण्यातले, पण काचेच्या धाग्यावर टेफ्लॉनचा लेप दिलेले कापड सौदी अरेबियातील जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवर १९८१ मध्ये चढवले गेले, आणि वाळवंटाच्या उन्हात ते कितीतरी दशके उभे आहे. मात्र त्या छपराखाली माणसे कशामुळे बसू शकतात तेही पाहावे. ते कापड पांढरे आहे, जमिनीपासून वीस मीटरांहून अधिक उंचीवर आहे, बाजू मोकळ्या आहेत आणि प्रत्येक शंकूच्या टोकाला कडे उघडे ठेवलेले आहे, ज्यातून वर चढलेली गरम हवा निघून जाते. तेच सलग कापड साडेसात फुटांवर, चहूबाजूंनी झालरी सोडून बांधले तर आत भट्टी होईल. शिवाय सलग कापडाला वारा जसा धरतो तसा जाळीला धरत नाही, म्हणून त्याच्यासाठी खांब, पाया आणि तारा यांचा खर्च कापडाहून जास्त होतो. तुमचा धंदा पावसाळ्यात बंद असतो. जो पाऊस तुम्हाला अडवायचाच नाही, तो अडवणाऱ्या कापडासाठी पैसे घालू नयेत.

म्हणून माझा सल्ला जाळीचाच आहे, पण ती जाळी वेगळी, तिची जागा वेगळी आणि तिच्याखाली सुती कापडाचा आणखी एक थर.

बाजारात मिळणारी शेडनेट उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या धाग्याची असते. हा धागा दोन प्रकारचा असतो. एक चपट्या पट्टीचा आणि दुसरा मासेमारीच्या दोऱ्यासारखा गोल. चपट्या पट्टीची जाळी स्वस्त पडते, कारण तेवढ्याच वजनात ती जास्त जागा झाकते, परंतु पट्टी वाऱ्यात फडफडते, चिरते आणि लवकर विरते. गोल धाग्याची जाळी महाग असते, जड असते आणि बरीच जास्त टिकते. हातात घेऊन दोन्ही शेजारी धरल्या की फरक लगेच कळतो. छपरासाठी गोल धाग्याचीच जाळी घ्यावी. ज्यांना कागदावर काही हवे असते त्यांच्यासाठी सांगतो, की शेतीच्या शेडनेटसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६००८ हे मानक असून त्याचे चपट्या पट्टीच्या आणि गोल धाग्याच्या जाळ्यांसाठी दोन वेगळे भाग आहेत. दुकानदाराला त्याविषयी विचारावे. तो काय उत्तर देतो यावरून त्याचा माल कोणत्या प्रतीचा आहे याचा अंदाज येतो.

यानंतर टक्के. ३५, ५०, ७५, ९० असे जे आकडे दुकानात सांगितले जातात ते जाळी किती प्रकाश अडवते याचे असतात. ५० टक्क्यांची जाळी रोपवाटिकेसाठी आणि भाजीपाल्यासाठी असते, कारण रोपाला ऊन लागतेच. माणसाला ते लागत नाही. तुमची तिसरी जाळी बहुधा या प्रकारची असावी, कारण कृषी सेवा केंद्रात सहज मिळते ती हीच. बसण्याच्या जागेसाठी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये आणि मिळाली तर ९० टक्क्यांची घ्यावी. हातात चांगल्या अवस्थेतली ५० टक्क्यांची जाळी असेल, तर तिचे दोन थर वीतभर अंतराने बांधता येतात. पहिला थर निम्मा प्रकाश अडवतो, दुसरा उरलेल्यातला निम्मा, म्हणजे खाली एक चतुर्थांश पोचतो.

टक्क्यांपेक्षाही मोलाची गोष्ट वजनाची आहे, कारण टक्के फसवे असू शकतात पण तराजू फसवत नाही. जाळीच्या एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, यावर तिच्यात धागा किती आहे ते ठरते. समजा तीन मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब गुंडाळी आहे, म्हणजे दीडशे चौरस मीटर, आणि तिचे वजन अठरा किलो भरले, तर चौरस मीटरला १२० ग्रॅम पडले. दोन दुकानांतल्या एकाच टक्क्यांच्या गुंडाळ्या अशा रीतीने वजन करून पाहिल्या, तर स्वस्त गुंडाळी स्वस्त का आहे ते तिथेच उभे राहून कळते. दुकानदाराने वजन करू दिले नाही तर दुकान बदलावे.

तुमची पहिली जाळी भुगा होऊन झडली त्याचे कारण आता सांगतो. प्लॅस्टिकच्या धाग्याचा मुख्य शत्रू उष्णता नसून उन्हातील अतिनील किरण आहेत. ते धाग्याच्या आतील लांबलचक साखळ्या तोडत जातात आणि धागा ठिसूळ होतो. हे होऊ नये म्हणून धागा ओढण्यापूर्वीच वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये अतिनील किरणांना रोखणारे रसायन मिसळतात. हे रसायन महाग असते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि नव्या जाळीत ते आहे की नाही हे ग्राहकाला कळत नाही, त्यामुळे काटकसर तिथेच होते. भंगार प्लॅस्टिक पुन्हा वितळवून काढलेला धागा तर आधीच अर्धा थकलेला असतो. त्याला एक उग्र वास येतो आणि रंग जागोजागी कमीअधिक दिसतो. जाळीला किती वर्षांची हमी आहे आणि ती हमी अतिनील किरणांमुळे होणाऱ्या झिजेची आहे का, हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी हमी घेऊ नये. पहिल्या जाळीच्या वेळी तुमच्याकडे असे बिल असते तर दुसरी विकत घ्यावी लागली नसती.

रंगाच्या बाबतीत माझा आग्रह थोडा निराळा आहे. हिरवा रंग आपल्याकडे रोपवाटिकांमधून रूढ झाला आणि आता सावली म्हटली की हिरवीच जाळी असे समीकरण झाले आहे. माणसे बसण्याच्या जागेला, त्यातही खाण्यापिण्याच्या जागेला, हा रंग चांगला नाही. हिरव्या जाळीखाली प्रत्येक चेहरा आजारी दिसतो आणि ताजा रस शिळा दिसतो. काळ्या जाळीचे आयुष्य सर्वांत जास्त, कारण तिला काळा करणारी काजळीच अतिनील किरणांपासून धाग्याचे रक्षण करते, पण ती तापतेही सर्वांत जास्त. पांढरी जाळी कमी तापते, मात्र विरळ असेल तर तिच्यातून झिरपणारा लख्ख उजेड डोळ्यांना त्रास देतो. या सर्वांत मोतिया किंवा वाळूच्या रंगाची, ९० टक्क्यांची, गोल धाग्याची जाळी मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटते. लातूरच्या बाजारात ती पटकन मिळाली नाही तर मागवून घ्यावी. अगदीच न मिळाल्यास हिरवी चालेल, पण मग खालचा थर टाळू नये.

खालचा थर मांजरपाटाचा. जाळीच्या खाली एक ते दीड फूट अंतर सोडून, पट्ट्यापट्ट्यांनी, किंचित झोळ ठेवून साधे न रंगवलेले मांजरपाट बांधावे. स्टीव्हन्सन पेटीच्या दुहेरी छपराचे हे कापडी रूप आहे. वरची जाळी ऊन झेलते आणि तापते, मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती धग वाहून नेतो, आणि बसणाऱ्याच्या डोक्यावर तापलेल्या प्लॅस्टिकऐवजी कोमट सुती कापड येते. उजेड मऊ होतो, रसाचा रंग खरा दिसतो. सुताचे दोन शत्रू म्हणजे ऊन आणि ओल. यातले ऊन वरची जाळी अडवते, आणि वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओलीचा प्रश्न येत नाही. धूळ बसली की उतरवून धुता येते. जुन्या सुती साड्यांनीही हे काम होते आणि काही घरांच्या अंगणात मी ते पाहिले आहे, पण तीस फूट लांबीसाठी एकसारखे कापड घेतलेले बरे.

अशी दुहेरी छपरे करायला उंची लागते. साडेसात फुटांवर ते जमणार नाही. मांजरपाट खाली नऊ फुटांवर आणि जाळी वर दहा ते साडेदहा फुटांवर, असा हिशोब धरावा. जाळी सपाट पत्रावळीसारखी पसरू नये. कर्णरेषेत समोरासमोर येणारे दोन कोपरे दोन-अडीच फूट उंच आणि उरलेले दोन तेवढेच खाली ठेवले की कापडाला पीळ पडतो आणि ते दोन दिशांनी ताणले जाऊन फडफडायचे थांबते. मांजरपाटाच्या पट्ट्यांनाही त्याच उताराने घ्यावे, म्हणजे मधले अंतर सगळीकडे सारखे राहील आणि गरम हवेला वर सरकायला वाट मिळेल.

आता तीननंतर गिऱ्हाईक का उठते त्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमचे सर्वांत मोठे नुकसान इथे होत आहे आणि त्याचा कापडाच्या प्रतीशी काही संबंध नाही. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. लातूर साधारण साडेअठरा अक्षांशावर असल्याने तो १२-१३ मेच्या आसपास पडतो. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि छपराची सावली छपराखालीच पडते. म्हणून बारा-साडेबाराला तुमच्याकडे सगळे ठीक वाटते. पण सूर्य कलला की सावली पूर्वेकडे सरकू लागते. त्याच दिवसांत दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून ३१ अंशांच्या आसपास उरलेला असतो आणि दहा फूट उंचीच्या छपराची सावली तोपर्यंत सुमारे सोळा फूट पूर्वेला गेलेली असते. तुमची जागा वीस फुटी रुंदीने पूर्व-पश्चिम असेल, तर तिच्यातली जेमतेम चार फूट पट्टी सावलीत उरते आणि बाकीची सावली रस्त्याच्या कडेला पडलेली असते, जिथे बाकडी नाहीत. छप्पर जितके उंच कराल तितकी ही सरक वाढते, म्हणून उंची वाढवण्याचा माझा सल्ला पश्चिमेच्या पडद्याशिवाय घेऊ नये.

पश्चिमेकडे छप्पर सहा फूट पुढे न्यावे आणि पाख्यासारखे उतरते ठेवावे. त्याच्या कडेपासून खाली गुंडाळता येईल असा पडदा सोडावा. या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेला नसून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून पडदा उत्तर-पश्चिम कोपऱ्याला वळवून उत्तरेच्या बाजूवर पाच-सहा फूट आणावा. जमिनीपासून दीड-दोन फूट मोकळे ठेवावे, वारा तिथून आत आला पाहिजे. पडद्यासाठी ७५ टक्क्यांची जाळी चालते, पण मी तुम्हाला गोणपाटाचा विचार करायला सांगेन. पेले धुतल्यानंतरचे पाणी गाळून त्यावर शिंपडले, तर आपल्या कोरड्या हवेत ते झपाट्याने सुकते आणि सुकताना आत येणारा वारा खरोखर थंड करते. हवेचे तापमान खाली आणणारा तुमच्या आवाक्यातला हा एकच उपाय आहे. रांजणाला ओले फडके गुंडाळणाऱ्या घरात त्याचे स्पष्टीकरण नको. पाण्याची टंचाई असलेल्या वर्षी मात्र पडदा कोरडाच ठेवावा, ऊन तो तरीही अडवतो.

दुसरी जाळी ज्या वाऱ्याने नेली त्याचा हिशोब मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटरच्या झोताचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १७ किलोच्या वजनाएवढा असतो. तुमचे छप्पर साधारण ५६ चौरस मीटरचे आहे. ते सलग कापडाचे असते तर असा एक झोत त्यावर साडेनऊशे किलोच्या जवळपास जोर लावू शकला असता. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट न होता चौपट होतो. जाळीतून वारा काही प्रमाणात निघून जातो म्हणून तिच्यावर जोर कमी येतो, पण तो नगण्य नसतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या अंगणात जाड ताडपत्री बांधली होती. वळवाच्या वाऱ्यात ताडपत्रीला चीरसुद्धा पडली नाही, पण तिने दोन खांब मुळासकट वर ओढले आणि एक खांब शेजारच्या भिंतीवर गेला. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी बांधणीविषयी विचारतो आणि नंतर कापडाविषयी.

जाळी कधीही मधल्या धाग्यांतून तार ओवून बांधू नये. बांधणीची तार करवतीसारखी धागा कापते आणि एक भोक मोठे होत गेले की पूर्ण कड उसवते. तुमच्या दुसऱ्या जाळीचे असेच झाले असावे. चारही कडा दुमडून त्यात रुंद पट्टी घालून शिवून घ्याव्यात, दर दीड-दोन फुटांवर पितळी आयलेट, म्हणजे भोकाच्या कड्या, ठोकून घ्यावेत आणि कोपऱ्यांना दुहेरी-तिहेरी कापडाचे ठिगळ द्यावे. शिवणकाम ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे, आणि दोरा कोणता वापरतो ते विचारावे. कापडाच्या आधी दोरा उन्हाने मरतो ही गोष्ट कारागिरांनाही कित्येकदा ठाऊक नसते. बाहेरच्या वापराचा, अतिनील किरणांना टिकणारा पॉलिस्टर दोरा मिळतो, त्याचाच आग्रह धरावा. कडेच्या आयलेटमधून गंज न चढणारी तारेची दोरी फिरवून ती खांबांना टर्नबकलने, म्हणजे फिरवून तार आवळण्याच्या पेचाने, ताणावी. विणलेली जाळी पहिल्या काही आठवड्यांत सैल पडते, तेव्हा टर्नबकलला चार फेरे दिले की ती पुन्हा ताठ होते. सैल जाळी फडफडते, आणि फडफडणारी जाळी कितीही चांगल्या धाग्याची असली तरी फाटते.

खांबांसाठी जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप घेणार असाल तर जाळी जिथे पाइपावर टेकते तिथे तो पांढरा रंगवून त्यावर कापडाची पट्टी गुंडाळावी. तापलेल्या लोखंडावर टेकलेली जाळी त्या रेषेत आधी जळून जाते. पायाच्या बाबतीत तुमच्याकडची काळी माती ध्यानात घ्यावी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि त्या हालचालीत उथळ पाया कलंडतो. खड्डा काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत घ्यावा आणि मग काँक्रीट भरावे. इथे हात आखडता घेऊ नये. जाळी चार-पाच वर्षांनी बदलता येते, खांब बदलणे परवडत नाही. चार कोपऱ्यांवर चार आणि लांबीच्या मध्यावर दोन असे सहा खांब पुरतील, त्यांतले कोपऱ्यातले बाहेरच्या बाजूला किंचित कललेले असावेत, म्हणजे ताण सोसताना ते आत झुकत नाहीत.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. रसवंतीत चिपाडाचा ढीग वाळत असतो. पॉलिथिनची जाळी पेट घेते आणि वितळून जळते थेंब खाली पडतात, मांजरपाटही पेटते. चिपाड छपराच्या सावलीत कधीही ठेवू नये, रोज दूर हलवावे. चरकाच्या इंजिनाचा धूर बाहेर काढणारी नळी कापडापासून लांब आणि बाजूला वळवलेली असावी. चहाची शेगडी लावत असाल तर ती या छपराखाली नको. पाचटाचे छप्पर घालण्याचा विचार कोणी सुचवला तर तोही याच कारणाने नाकारावा. पाचटाखाली जाळीपेक्षाही गारवा असतो हे मी मान्य करतो, पण रस्त्याच्या कडेला, इंजिनाजवळ आणि बिडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये ते धोक्याचे आहे.

अवकाळी ढग दिसले आणि गारांची चिन्हे असली तर पडदा गुंडाळून जाळीच्या एका बाजूचे टर्नबकल सोडून ती सरकवून घ्यावी. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. गारा जाळीतून खाली पडत नाहीत, खोलगट भागात साचतात आणि त्यांच्या वजनाने तारा व खांब वाकतात. म्हणूनही पीळ दिलेले उतरते छप्पर बरे.

मृग निघाला की जाळी आणि मांजरपाट दोन्ही उतरवावीत. जाळीचे आयुष्य तिने पाहिलेल्या उन्हाच्या दिवसांत मोजले जाते, त्यामुळे ज्या महिन्यांत रसवंती बंद आहे त्या महिन्यांत तिला वर ठेवणे म्हणजे आयुष्य फुकट घालवणे आहे. जाळी साध्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी, घडी न घालता गुंडाळावी आणि उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी आडव्या बांबूवर लटकवून ठेवावी. मांजरपाट पूर्ण कोरडे झाल्याशिवाय गुंडाळू नये, नाहीतर भाद्रपदापर्यंत त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. तारेची दोरी आणि टर्नबकल यांना तेलाचा हात फिरवून ती एका डब्यात ठेवावीत आणि त्याच डब्यात जाळीचे बिलही ठेवावे.

तुमच्या तिसऱ्या जाळीला अजून ताकद असेल तर ती टाकून देऊ नका. उत्तर-पश्चिमेच्या पडद्यासाठी तिचे दोन थर करता येतील आणि या वर्षी तेवढा खर्च वाचेल. ती कापण्यापूर्वी एका कोपऱ्यातला धागा दोन बोटांत धरून जोराने ओढून पाहा. तो ताणून मग तुटला तर जाळी अजून कामाची आहे, न ताणता कडकन तुटला तर तिच्यावर शिवणकामाचे पैसे घालू नका.